माझा मुलगा बंदूक बनवतो

मगरिबची नमाज झाली, चपात्या झाल्या, मी स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली तरी थोरला जेवायला आला नाही. म्हणून त्याच्या खोलीचे दार ढकलले. लॅपटॉपच्या पडद्यावर एक बंदूक होती. नुसती बंदूक नाही, तिचे सुटे भाग एकेक करून हवेत तरंगत असल्यासारखे मांडलेले. शेजारी त्याच बंदुकीचे पंधरा-वीस फोटो : डावीकडून, उजवीकडून, वरून, अगदी जवळून.

मी दारातच थांबले. तेव्हा पहिला विचार काय आला ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. कारण हा लेख वाचणाऱ्या अनेक घरांत तोच विचार आला असता. उद्या कुणी हा लॅपटॉप उघडला तर? आपल्या नावाच्या मुलाकडे बंदुकीचे सुटे भाग, तेही मापे घेऊन काढलेले, दिसले तर त्याचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत ऐकून कोण घेणार?

"हे काय आहे?" मी एका वाकड्या डब्यासारख्या भागाकडे बोट दाखवले.

"मॅगझिन, अम्मी."

मॅगझिन म्हटले की मला आजवर तुमचे-आमचे हे मासिकच आठवत आले आहे.

थोडी ओळख सांगते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. मुलांचे अब्बा अठरा वर्षे कुवेतमध्ये आहेत, जड वाहनांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून. थोरला बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास बरा आहे, पण अभ्यासात जीव नाही, हे मला दहावीपासून माहीत होते. जीव कशात आहे ते मात्र त्या संध्याकाळी कळले. त्याला व्हिडिओ गेमसाठी वस्तू घडवणारा कलाकार व्हायचे होते, आणि त्यातही शस्त्रे घडवणारा. परदेशी स्टुडिओंत हे स्वतंत्र काम असते, त्यासाठी वेगळी माणसे नेमतात, असे तो म्हणाला. मी म्हटले, "खुर्च्या घडव, गाड्या घडव, बंदुकाच का?" तो म्हणाला, "कारण नेमबाजीच्या खेळात खेळणारा तासन् तास फक्त बंदूक आणि दोन हातच बघतो. ती चांगली जमली तर बाकी सगळे जमते."

मी आठवडाभर लॅपटॉपला हात लावू दिला नाही. घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हते. मग माझ्या मनाने मलाच टोकले. शिक्षकाने पेपर न वाचता मुलाला नापास करायचे नसते. मी त्याला सांगितले, रोज इशानंतर अर्धा तास मी शेजारी बसणार, काय करतोस ते दाखवायचे, आणि मला कळेल अशा भाषेत सांगायचे. या गोष्टीला आता सात महिने झाले.

पहिली गंमत अशी की त्याची सुरुवात बंदुकीने झालीच नव्हती, डोनटने झाली होती. ब्लेंडर नावाचे एक सॉफ्टवेअर आहे, ते शिकणारी जगभरातली मुले 'ब्लेंडर गुरू' या यूट्यूब वाहिनीवरचा डोनट बनवूनच श्रीगणेशा करतात म्हणे. आपल्याकडे हारमोनियम शिकणारा आधी सा रे ग म काढतो तसे. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. फुकट म्हणजे चोरीचे नव्हे. नेदरलँड्सच्या टॉन रूसेंडाल यांनी १९९४ मध्ये त्याची सुरुवात केली. पुढे त्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा २००२ मध्ये त्यांनी वापरणाऱ्यांना आवाहन केले की एक लाख युरो जमवा, म्हणजे हे सर्वांसाठी खुले करता येईल. सात आठवड्यांत पैसे जमले. लॅटव्हियाच्या 'फ्लो' या मांजराच्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले, तो याच ब्लेंडरवर बनला. लोकवर्गणीतून उभी राहिलेली वस्तू खेड्यातल्या मुलाच्या हातात पैसा न देता येते, हे ऐकून माझा राग थोडा उतरला. आमच्या आधी आलेल्या कितीतरी मुलांनी चोरलेली सॉफ्टवेअरे वापरून हुनर शिकले आहे. ही एक अडचण तरी नव्हती.

आता काम कसे चालते ते सांगते. आधी फोटो जमवायचे. मग पडद्यावर ठोकळे मांडून ढोबळ आकार उभा करायचा : नळी, दस्ता, चाप. तो बरोबर दिसला की बारकावे. सगळे काम शेवटी त्रिकोणांचे असते, कारण संगणक कोणताही आकार लहान लहान सपाट त्रिकोण जोडून दाखवतो. त्रिकोण जास्त तितका आकार गोल आणि गुळगुळीत, पण यंत्रावर भारही तितकाच. म्हणून हे कारागीर एकच बंदूक दोनदा बनवतात. एक लाखो त्रिकोणांची, प्रत्येक खिळा आणि खाच दाखवणारी. दुसरी हलकी, जी प्रत्यक्ष खेळात जाते. मग पहिलीचे बारकावे एका निळसर-जांभळ्या चित्रात उतरवून ते चित्र दुसरीवर चढवतात. प्रकाश पडला की सपाट जागीसुद्धा खाच असल्याचा भास होतो. याला ते 'बेक' करणे म्हणतात. सासूबाईंनी विचारले, "काय भाजतोय तो रात्री अकरा वाजता?"

पूर्वी एवढी चैन नव्हती. काउंटर-स्ट्राइक हा जगप्रसिद्ध खेळ १९९९ मध्ये मिन ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी दुसऱ्याच एका खेळात फेरफार करून बनवला. मिन ले तेव्हा कॅनडात शिकत होते, आणि त्यातल्या बंदुका त्यांनी स्वतः घडवल्या होत्या. त्या जुन्या बंदुका आज पाहिल्या तर खोक्यांच्या वाटतात. शिवाय त्यांत एक मोठी चूक आहे. एके-४७ चा बोल्ट आणि पुंगळी बाहेर पडायची खिडकी खऱ्या बंदुकीत उजवीकडे असते, त्या खेळात ती डावीकडे दिसते. कोट्यवधी लोक वर्षानुवर्षे ती उलटी बंदूक पाहत खेळले आणि बहुतेकांच्या लक्षातही आले नाही. "मग तू कशाला एवढा जीव काढतोस?" असे मी विचारले, तर म्हणाला, "अम्मी, शाळेतली मुले अनुस्वाराच्या चुका करतात तेव्हा अर्थ तर कळतोच ना?" यावर मी काय बोलणार?

आता अशा चुका पकडणारी माणसेही आहेत. ब्रिटनमधल्या लीड्स शहरात रॉयल आर्मरीज नावाचे शस्त्रांचे संग्रहालय आहे. तिथल्या बंदुकांच्या संग्रहाचे प्रमुख जोनाथन फर्ग्युसन गेममधल्या बंदुका पाहून कुठे काय चुकले ते व्हिडिओत सांगतात. माझा मुलगा ते व्हिडिओ मी व्याकरणाची पुस्तके वाचते तसे पाहतो. त्या गृहस्थांचा स्वर मला आवडला. शस्त्राचे कौतुक नाही, तिटकाराही नाही. ही वस्तू कुठे, कशासाठी, कशी घडली एवढेच ते सांगतात.

कामाचा पुढचा टप्पा आमच्या घरात सर्वांत लवकर कळला तो माझ्या बहिणीला, जी शाळेत गेली ती सातवीपर्यंत, पण कपडे शिवते. घडवलेल्या आकारावर रंग चढवण्याआधी त्याची साल सोलून सपाट पसरावी लागते. कुठे कापायचे ते आपण ठरवायचे. कापलेल्या रेषेला ब्लेंडरमध्ये 'सीम' म्हणतात, म्हणजे चक्क शिवण. बहीण पडद्याकडे पाहून म्हणाली, "अरे, ही तर कमीजची कापणी! बाही उलटी लागली तर डिझाइन उलटे दिसणार. आणि शिवण काखेत लपव, समोर नको." त्याने तसेच केले. शिवण नळीच्या खालच्या बाजूला गेली. कापडाची नासाडी नको म्हणून तुकडे जवळजवळ मांडायचे, हेही तिनेच सांगितले. तेही तिथे तंतोतंत लागू पडते, कारण चित्राची जागा वाया गेली तर बारकावे पुसट होतात.

मग रंग. इथे मला वाटले होते की काळा रंग फासला की झाले. पण खरेपणा रंगात नसतो, झिजेत असतो. प्रत्येक जागेला तीन-चार गोष्टी सांगाव्या लागतात : मूळ रंग कोणता, ती धातूची आहे की नाही, किती खरखरीत आहे. खरखरीत जागेवर प्रकाश विखुरतो, गुळगुळीत जागेवर चमकतो. शिकणारी पोरे सगळ्या कडा सारख्या घासून टाकतात आणि वस्तू खोटी दिसते. मी त्याला स्वयंपाकघरात नेले आणि सासूबाईंची चाळीस वर्षांची विळी समोर ठेवली. पाते धारेपाशी चकचकीत, मुळाशी काळेशार. पाटावर जिथे पाय ठेवून बसतात तिथे लाकूड तेलकट गुळगुळीत, कोपऱ्यांना मात्र तसेच खरबरीत. नारळ खवायच्या दातऱ्यांत पांढरट थर. "हात जिथे लागतो तिथेच झीज होते," मी म्हटले, "आणि हात सगळीकडे सारखा लागत नाही." त्याने आधी विळी बनवली. चार दिवस गेले. सासूबाईंना दाखवली तेव्हा त्यांनी पडद्यावर हात फिरवून पाहिला. त्यानंतर त्याने बंदुकीची झीज पुन्हा पहिल्यापासून केली. दस्त्याला गाल टेकतो ती जागा, बोटे टेकतात ती जागा, पट्टा घासतो ती कड.

पण या सगळ्यापेक्षा अवघड आहे तिला हलवणे.

पडद्यावरच्या वस्तूला वजन नसते. ते हालचालीतून दाखवावे लागते. डिस्नेचे दोन जुने चित्रकार, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१ मध्ये एका पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वे मांडली. कार्टूनसाठी मांडलेली तीच तत्त्वे आज बंदुकीलाही लावतात. जड वस्तू उचलण्याआधी शरीर थोडे खाली जाते. थांबवल्यावर ती लगेच थांबत नाही, किंचित पुढे जाऊन मागे येते. मुलाच्या पहिल्या प्रयत्नात चार किलोची रायफल थर्माकोलची असल्यासारखी वर यायची. बिघडते काय ते त्याला कळत नव्हते. मी सांगितले, पाण्याने भरलेला हंडा उचलणारी बाई बघ, आणि रिकामा उचलणारी बघ. फरक हातात नसतो, खांद्यात आणि कमरेत असतो.

दुसरी अडचण यंत्राची. गोळी सुटल्यावर आत काय होते? बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग त्याला पुढे ढकलते, जाता जाता तो पुढचे काडतूस आत घेतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याआधी होते, पण ॲनिमेशन करणाऱ्याला ते चित्राचित्रांनी माहीत हवे. इथे त्याचे अब्बा कामी आले. व्हिडिओ कॉलवर त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "बोल्ट जाताना आणि येताना सारख्याच वेगाने का जातोय? मागे ढकलतोय स्फोटाचा गॅस, पुढे आणतेय स्प्रिंग. दोघांची ताकद एक कशी?" अठरा वर्षे इंजिने उघडणाऱ्या माणसाने गेम कधी खेळला नव्हता, पण त्याला चूक दिसली. बापलेक त्या रात्री दीड तास बोलले. एरवी त्यांचे बोलणे "पैसे मिळाले का, अभ्यास कसा आहे" एवढ्यावर संपायचे. हे मी मुद्दाम नोंदवते.

मॅगझिन बदलण्याचे ॲनिमेशन दोन प्रकारचे करावे लागते, हेही मला नवीन होते. गोळ्या शिल्लक असताना बदलले तर एक काडतूस आधीच आत असते, नुसते डबे बदलायचे. पूर्ण रिकामी झाली असेल तर एके-४७ मध्ये बाजूचे हँडल ओढावेच लागते. ज्या खेळात हा फरक नसतो तिथे जाणकार हसतात.

हालचाल समजण्यासाठी हे कलाकार स्वतःचे व्हिडिओ काढतात. एके दिवशी शाळेतून आले तर चिरंजीव गच्चीवर. हातात पीव्हीसी पाइप, त्याला पाण्याच्या बाटल्या बांधलेल्या, मोबाइल कठड्यावर टेकवलेला, आणि हा पाइप खांद्याला लावून रस्त्याच्या दिशेने उभा. माझे पाय लटपटले. शेजारी चांगले आहेत, वीस वर्षांचा घरोबा आहे. पण रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस शेजारी नसतो. मी त्याला खाली आणले आणि रागावले. तो म्हणाला, "पाइप आहे, अम्मी!" मी म्हटले, "लांबून पाइप कुठे दिसतो?" तो बराच वेळ गप्प बसला. एकोणीस वर्षांच्या पोराला हे समजावणे ही आईच्या वाट्याला आलेली फार कडू गोष्ट आहे. दुसरी मुले गच्चीवर काय वाटेल ते करतात, तू करू नकोस, असे त्याला सांगावे लागते. मी सांगितले. पुन्हा सांगावे लागले तरी सांगेन.

त्यानंतर नात्यातल्या एका वकिलांकडे आम्ही दोघे गेलो. त्यांनी स्पष्ट केले की गेमसाठी बंदुकीचे चित्र किंवा थ्रीडी मॉडेल बनवणे ही कला आहे, गुन्हा नाही. ते मॉडेल पोकळ कवच असते, आत यंत्र नसते. पण शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र तयार करणे गंभीर गुन्हा आहे, म्हणून थ्रीडी प्रिंटरच्या आसपासही असले मॉडेल न्यायचे नाही, कुणी मित्राने गमतीत म्हटले तरी नाही. घरी आल्यावर आम्ही नियम ठरवले. कामाचे फोल्डर नीट नावाने, तारखेसह, विळी आणि डोनटसकट. काम उघडपणे स्वतःच्या खऱ्या नावाने मांडायचे, टोपणनावाने नाही. बंदूक हातात घेतल्याचा फोटो, खेळण्यातली असली तरी, कुठेही टाकायचा नाही. व्हिडिओसाठी खोली, दार बंद, आणि हातात लाटणे. इतर मातांना यातले काही जास्तीचे वाटेल. मला वाटत नाही.

कायद्याचे झाले. मनाचे काय? लहानपणी मदरशात आपण सगळ्यांनी ऐकले आहे की गमतीनेसुद्धा आपल्या भावाकडे शस्त्र रोखू नये. निर्जीव वस्तूचे चित्र काढण्याबद्दल कुणाची हरकत नाही, हे मुलाने मला लगेच ऐकवले. मी म्हटले, मुद्दा चित्राचा नाही, ते कुणाकडे रोखले जाते त्याचा आहे. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही पूर्ण नाही. हिंसक खेळ खेळून मुले गुन्हेगार होतात असे मी बैठकांत छातीठोकपणे सांगत आले होते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने मात्र २०२० मध्ये म्हटले की असे खेळ आणि प्रत्यक्ष हिंसाचार यांचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. चिडचिड, ओरडणे, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी थोडा संबंध दिसतो. म्हणजे मी सांगत होते तेवढे खरे नव्हते, आणि मुले सांगतात तेवढे निर्मळही नाही.

एके-४७ चे कर्ते मिखाईल कलाश्निकोव्ह २०१३ च्या डिसेंबरात वयाच्या ९४ व्या वर्षी वारले. शेवटच्या काळात त्यांनी रशियाच्या सर्वोच्च धर्मगुरूंना पत्र लिहिले होते. माझ्या रायफलीने माणसे मेली असतील, ती शत्रूची का असेनात, तर त्या मृत्यूंचा दोष माझ्यावर येतो का, असा प्रश्न त्यांना छळत होता. मी हे मुलाला सांगितले. तो म्हणाला, "त्यांनी खरी बनवली." मी म्हटले, "हो. पण खऱ्या कंपन्यांची जाहिरात तुमच्या खोट्या बंदुकीने होते, त्याचे काय?" हे मी हवेत बोलत नव्हते. अनेक वर्षे गेम कंपन्या आणि बंदूक कंपन्या नाव वापरण्याचे करार करत असत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केले की यापुढे आम्ही बंदूकवाल्यांना परवान्याचे पैसे देणार नाही. काही खेळ नावे बदलून वापरतात. जुन्या काउंटर-स्ट्राइकमध्ये एके-४७ ला 'सीव्ही-४७' म्हटले होते. माझ्या मुलाने ठरवले आहे की कोणत्याही कंपनीचे नाव किंवा चिन्ह आपल्या मॉडेलवर कोरायचे नाही. एवढ्याने प्रश्न मिटला असे मी म्हणणार नाही.

उलट बाजूही त्यानेच दाखवली. पोलंडमध्ये २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा खेळ निघाला. त्यात आपण सैनिक नसतो, वेढा पडलेल्या शहरातली उपाशी माणसे असतो. त्यामागे सारायेव्होच्या वेढ्याची प्रेरणा आहे, जो आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांना आठवतो. पोलंड सरकारने २०२० मध्ये हा खेळ शाळांच्या शिफारस-वाचनात घेण्याचे जाहीर केले. शिक्षिका म्हणून मला हे ऐकून हेवा वाटला. 'आर्मा ३' या युद्धाच्या खेळाने २०१७ मध्ये युद्धाच्या कायद्यांवर एक जोडभाग काढला, त्यात आपण सुरुंग काढणारा मदतकार्यकर्ता असतो, आणि त्याच्या त्या वर्षीच्या निव्वळ कमाईतला निम्मा हिस्सा रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला दिला गेला.

याच आर्माने आमच्या घरात एक प्रसंग घडवला. खानदानच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री माझ्या भावाने एक व्हिडिओ टाकला. काळे आकाश, खालून वर जाणाऱ्या गोळ्यांच्या रेघा, एक विमान पेट घेते. खाली मजकूर असा की वाचणाऱ्याचे रक्त उसळावे. पाच मिनिटांत तीसेक जणांनी काही ना काही लिहिले. माझ्या मुलाने दोनदा पाहिले आणि म्हणाला, "मामूंना सांगा, हा गेम आहे. धुराचे सगळे गोळे एकसारखे आहेत. आवाज मागाहून टाकलाय. आणि बघा, एकही माणूस हलत नाही." आर्मा बनवणाऱ्या झेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीने २०२२ मध्ये यावर निवेदनच काढले होते, कारण त्यांच्या खेळातले तुकडे खऱ्या युद्धाचे म्हणून जगभर फिरत होते. ओळखायच्या खुणाही त्यांनी दिल्या : चित्र फार धूसर, कॅमेरा थरथरता, बहुतेक वेळा रात्र, आवाज नाही, माणसे नाहीत, धूर आणि ठिणग्या अनैसर्गिक. या खुणा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवाव्यात, इतक्या आपल्या घरांत उपयोगाच्या आहेत. मी भावाला फोन केला. तो आधी दुखावला, "पोराला काय कळतं" म्हणाला, मग त्याने मेसेज काढून टाकला. तोवर तो आणखी तीन ग्रुपांत गेला होता. त्या तिन्ही ठिकाणी मी त्याला स्वतः लिहायला लावले की मी टाकलेला व्हिडिओ खोटा होता. अशा एका फॉरवर्डची किंमत कोण मोजते आणि किती मोजते, ते तुम्हाला सांगायला नको.

ईदनंतर आम्ही सगळे दिघीहून होडीने मुरुड-जंजिऱ्याला गेलो. आमच्या गावाहून जवळ, तरी दहा वर्षांत गेलो नव्हतो. दारावर हत्तींना पंजात धरलेले श्वापद कोरले आहे, त्यापुढे बुरुजावर कलालबांगडी तोफ. बावीस टनांची आहे असे सांगतात. पर्यटक तिच्यापुढे फोटो काढून घेत होते. माझा मुलगा तोफेभोवती फिरत साठ-सत्तर फोटो काढत होता, तोंडाकडून, मागून, खाली वाकून. लोखंडी कुंपण नसते तर आणखी जवळ गेला असता, असे म्हणायलाही नको, तो पोटावर पालथा पडला होता. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने एका बाजूचा रंग वेगळा झाला आहे, हे त्यानेच मला दाखवले. सिद्दींच्या तोफेजवळ मी मुलांना घेऊन तीन-चार सहली केल्या आहेत, पण तोफेला समुद्राकडची आणि किल्ल्याकडची बाजू असते, हे मला ठाऊक नव्हते.

त्या सहलीनंतर त्याने जुन्या शस्त्रांकडे मोर्चा वळवला. यात कमाईचा हिशोबही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला, त्यात त्रिशूळ आणि धनुष्य आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' आणला, तो गोळीबाराचा. म्हणजे काम आपल्या राज्यातही आहे, आणि सगळे काम एके-४७ चेच नाही.

सध्या तो तोड्याची बंदूक करतो आहे. नळीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, बाजूच्या वाटीत चिमूटभर रंजक घालून झाकण लावायचे, जळती वात फुंकायची, नेम धरायचा, झाकण उघडायचे, मग चाप. एका गोळीसाठी एवढे. गज धरणाऱ्या हाताचा नमुना माझा आहे; मी लाटणे घेऊन आठ वेळा तेच केले आणि आठव्या वेळी तो "हां, हे" म्हणाला. संपूर्ण हालचाल अडतीस सेकंदांची झाली आहे. खेळात एवढा वेळ कोण थांबेल, म्हणून ती बारा सेकंदांवर आणायची खटपट चालली आहे, आणि काय गाळायचे यावर बापलेकांचे रोज वाद होतात.

मार्चमध्ये एका स्टुडिओने त्याला चाचणीचे काम दिले होते. नाकारले. कारण लिहिले होते : डावा हात दस्त्यावर टेकलेला वाटत नाही, तरंगतो. दोन दिवस जेवला नाही नीट. मग बोटांची सगळी हाडे, म्हणजे पडद्यावरची, पुन्हा पहिल्यापासून बसवली. दुसऱ्या एका ठिकाणची चाचणी गेल्या जुम्याला पाठवली आहे. त्यांनी दोन आठवड्यांत कळवतो म्हटले आहे.